बारमाही खेळाचे खूळ

"पोराला कुठल्या खेळात घातले?" हा प्रश्न हल्ली "कुठल्या शाळेत घातले?" इतक्याच गंभीरपणे विचारला जातो. आणि हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्या गोमंतकीय मंडळींना विचारलात तर उत्तर बहुधा एकच येते : बॅडमिंटन. चवथीला गावी आलेल्या पोरांच्या पाठीवर दप्तराऐवजी रॅकेटची पिशवी असते. कोणाची पोरे तर चवथीलाही येत नाहीत, कारण "कोच सुट्टी देत नाही." पोराचे वय विचारावे तर सात!

सात वर्षांच्या पोराला सुट्टी न देणारा हा कोच कोण, आणि त्याला हा अधिकार दिला कोणी? अधिकार दिला आईबापांनी, आणि तोही वर्षाची फी एकरकमी भरून. एकदम भरली तर सूट मिळते म्हणे. म्हणजे पोराने कोणता खेळ जून महिन्यात खेळायचा आणि कोणता जानेवारीत, याचा निकाल एप्रिलमध्ये एका पावतीवर लागून जातो. माझा सगळा राग आहे तो या पावतीवर. बॅडमिंटनवर नव्हे, बॅडमिंटन हा सुंदरच खेळ आहे.

हे खूळ हैदराबादेतच का, हे उघड आहे. पुल्लेला गोपीचंद 2001 साली ऑल इंग्लंड जिंकला. 2003 साली सरकारने त्याला गच्चीबावलीला जमीन दिली, त्याने स्वतःचे घर गहाण ठेवले आणि 2008 साली अकादमी उभी राहिली. मग 2012 ला लंडनमध्ये सायना नेहवालचे कांस्य, 2016 ला रिओत सिंधूचे रौप्य, 2019 ला बासेलचे जगज्जेतेपद. ज्या शहरात हे सगळे डोळ्यांदेखत घडले तिथल्या बापाने पोराच्या हाती रॅकेट दिली तर त्याला दोष कसा द्यावा? सिंधू रोज पन्नासाहून अधिक किलोमीटर जाऊन-येऊन सराव करायची, सायनाच्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढले, या गोष्टी तिथल्या घराघरांत रामायणासारख्या सांगितल्या जातात. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढणे म्हणजे काय हे आम्हा सरकारी कारकुनांना कोणी समजावून सांगायला नको. त्या त्यागाला माझा नमस्कारच आहे.

पण ही रामायणे सांगताना बालकांड गाळून सांगतात, तिथे माझी हरकत आहे.

गोपीचंदला लहानपणी ओढ होती क्रिकेटची. थोरल्या भावाने त्याला बॅडमिंटनकडे वळवले. सायना वडिलांच्या बदलीमुळे हरयाणातून हैदराबादला आली ती आठ वर्षांची असताना. नवे शहर, भाषा येत नाही, तेव्हा ओळखी व्हाव्यात म्हणून पोरीला खेळात घातले. तिच्याकडे कराटेचा तपकिरी पट्टाही आहे, हे किती जणांना ठाऊक असते? आणि सिंधूचे तर घरच व्हॉलीबॉलचे. आई खेळाडू, वडील रमणा 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात. त्या घरात उंच पोरीने व्हॉलीबॉल सोडून दुसरे काही खेळायचे म्हणजे भटजीच्या पोराने मुनीम होण्यासारखे! तरी तिने गोपीचंदला जिंकताना पाहून रॅकेट मागितली आणि आईबापांनी ती दिली. पहिले धडे तिने सिकंदराबादेत रेल्वेच्या सिग्नल संस्थेच्या कोर्टावर गिरवले, कुठल्या पंचतारांकित हॉलमध्ये नव्हे.

मिताली राजचे उदाहरण याहून बोलके आहे. सिकंदराबादेत वाढलेली ही मुलगी भरतनाट्यम शिकत होती. सकाळी लवकर उठत नाही म्हणून वायुदलातल्या वडिलांनी तिला भावाबरोबर क्रिकेटच्या मैदानावर पाठवले. पुढे नृत्य की क्रिकेट असा दिवस आला तेव्हा तिने क्रिकेट निवडले. निवडले, हे महत्त्वाचे. निवडायला हातात दोन गोष्टी असाव्या लागतात. ज्याच्या हाती पाचव्या-सहाव्या वर्षापासून एकच वस्तू दिलेली आहे, त्याने काय निवडायचे?

आणि हे फक्त हैदराबादचे नाही. आपल्या मराठी माणसांत बॅडमिंटनचा पहिला मोठा खेळाडू म्हणजे सांगलीचा नंदू नाटेकर. 1956 साली मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय, 1961 सालच्या पहिल्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी. हा गृहस्थ आधी टेनिस खेळत होता. राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरला आणि मग बॅडमिंटनकडे वळला. आजच्या भाषेत बोलायचे तर "टेनिसवर केलेला खर्च वाया गेला." गेला का हो?

आता आपल्याकडचे सांगतो. गोव्यात खेळांना मोसम होता. पाऊस लागला की फुटबॉल. चिखलात चेंडू कुठे आणि पाय कुठे याचा पत्ता नसायचा. सरद शेत कापून झाले की रिकाम्या मळ्यांत क्रिकेट, आणि जिथे वायंगण करीत तिथली पोरे देवळासमोरच्या पटांगणात. कोयंडो-बाल, लगोरी, गड्डे, भोवरे यांचे दिवस कोण ठरवीत होते कोणास ठाऊक, पण एका सकाळी गावभरचे भोवरे बाहेर पडत आणि एका सकाळी नाहीसे होत. जुने दिवस सोन्याचे होते असे मला म्हणायचे नाही. मुली त्यात फारशा नसत, पायाला खिळा लागला तर हळद लावून भागवत, आणि फटकेही पडत. पण त्या मोसमाने पोरांवर एक फार मोठा उपकार केला होता, जो आता आपल्या लक्षातही येत नाही. खेळ आपोआप संपायचा.

ज्याला फुटबॉल जमत नसे, ज्याला सगळे गोलात उभे करीत, त्याला फक्त चवथीपर्यंत कळ काढायची असे. त्यानंतर भोवऱ्यात तोच राजा. "मला हा खेळ नको" असे त्याला कोणाकडे जाऊन सांगावे लागत नसे, बापापुढे रडावे लागत नसे, "अर्धवट सोडणारा" हा शिक्का बसत नसे. पाऊस थांबला, खेळ थांबला. इभ्रत शाबूत.

बॅडमिंटनच्या हॉलला मोसम नाही. शटलला वारा चालत नाही, म्हणून दारे-खिडक्या बंद आणि वर दिवे. बाहेर हैदराबादचा मे महिना चाळीस अंशांनी भाजत असो, जुलैचा पाऊस पडत असो की संक्रांतीला सगळे शहर गच्चीवर पतंग उडवीत असो, आत तेच पिवळे दिवे आणि तीच हिरवी चटई. या हॉलमधून बाहेर पडायचे तर पोराला बंड करावे लागते. सात वर्षांचे पोर बंड कसे करते? सकाळी पोट दुखते. बूट सापडत नाही. माझ्या नात्यातल्या एका पोराचे पोट सोमवार ते शनिवार दुखायचे आणि रविवारी नाही. घरच्यांनी डॉक्टर बदलला! कोचने सांगितले, "सवय होईल." झाली की. पोर आता तक्रार करत नाही, फक्त घरी आल्यावर रॅकेटकडे ढुंकून पाहत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : "आत्ता नाही सुरू केले तर उशीर होईल, सिंधूनेही आठव्या वर्षी सुरू केले." खरे आहे, काही खेळांत लवकर हात बसावा लागतो. पण आठव्या वर्षी सुरू करणे वेगळे आणि आठव्या वर्षी बाकीचे सगळे बंद करणे वेगळे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली याच विषयावर अहवाल काढला. त्यांचे म्हणणे, बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे. आवडत्या खेळालाही वर्षातून एकंदर तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांनी, सुट्टी द्यावी. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती असावी. नाहीतर तेच सांधे, तेच स्नायू पुन्हा पुन्हा झिजतात आणि पोर खेळालाच विटते. नॉर्वेत तर मुलांचे खेळातले हक्क लिहून ठेवलेले आहेत. कोणता खेळ खेळायचा आणि किती, हे ठरवताना मुलाचा शब्द त्यात मोजला जातो, आणि तेरा वर्षांखालच्यांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नाहीत. एवढे लाड करून तो देश दुबळा झाला म्हणावे, तर जेमतेम पंचावन्न लाख वस्तीच्या नॉर्वेने 2018 आणि 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतालिकेत पहिला क्रमांक घेतला. आमच्याकडे दहा वर्षांखालच्यांचे रँकिंग बाप मोबाईलवर तोंडपाठ करतात.

आणि खुद्द गोपीचंद काय म्हणतो? 2025 च्या फेब्रुवारीत त्याने स्पष्ट सांगितले की घरी पैसा नसेल तर मुलांना खेळात करिअर करायला लावू नका, कारण जे वर पोचत नाहीत त्यांच्यामागे कोणी उभे राहत नाही. पुष्कळांना हे लागले. माझ्या मते त्या शहरात खेळाबद्दल इतके खरे कोणी फार दिवसांत बोलले नव्हते. गंमत अशी की त्याचे ऐकून मंडळींनी पगाराचा हिशेब केला आणि "आपल्याला परवडते" म्हणून पुढच्या वर्षाची फी भरली!

मग करायचे काय? माझे मत विचाराल तर बारा वर्षांपर्यंत एका वेळी तीन-चार महिन्यांपलीकडे कशाचीही फी भरू नये, सूट गेली तरी चालेल. मोसम उरला नसेल तर तो घरातच तयार करावा. उन्हाळ्यात पोहणे, पावसात हॉलमधले काहीतरी, थंडीत मैदान. हैदराबादची थंडी तर धावायला देवाने दिलेली. त्या दिवसांत पोराला बंद हॉलमध्ये ठेवणे म्हणजे आंब्याच्या दिवसांत डब्यातला रस पिणे. प्रत्येक मोसमाच्या अखेरीस पोराला विचारावे, पुढे हेच की दुसरे? मात्र हरल्याच्या दिवशी विचारू नये, जिंकल्याच्या दिवशी तर नाहीच. आणि विचारायच्या आधी आपण बघावे : कोणी सांगितले नसताना तो काय हातात घेतो, घरी आल्यावर खेळाबद्दल बोलतो की फक्त कोच काय ओरडला ते सांगतो, पाणी प्यायला जाताना घाबरतो का. शेवटची गोष्ट फार बारीक वाटेल, पण ती मी पहिली बघेन.

दोन मोसम फिरून पोर आपणहून बॅडमिंटनकडेच आले तर? आनंद आहे. घाला खुशाल, मग पहाटे पाचला उठा आणि प्रॉव्हिडंट फंडही काढा.

हैदराबादची महानगरपालिका उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये मुलांसाठी क्रीडा शिबिरे वर्षानुवर्षे भरवीत आली आहे, फी अगदी नाममात्र. आपल्या मंडळींना तिथे पोर पाठवायला थोडे कमीपणाचे वाटते. चकाचक हॉल नाही, कोचच्या टी-शर्टवर कंपनीचे नाव नाही. पण तिथे निरनिराळे खेळ असतात, पोराला पाहता येतात, एक-दोन करून बघता येतात. आणि शिबिराच्या शेवटच्या दिवसाची तारीख पहिल्याच दिवशी ठाऊक असते.