घंटा वाजल्यानंतर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

दिवाळी तोंडावर आली की आमच्या तलवाड्याच्या वस्त्यांवर कोयत्यांना धार लावल्याचा आवाज येऊ लागतो. मुकादमाची उचल कधीच घेऊन झालेली असते, तीही बहुधा पावसाळ्यातच खर्चून गेलेली. पीठमिठाची गाठोडी बांधली जातात आणि एका पहाटे ट्रक येऊन उभा राहतो. त्वरितादेवीला हात जोडून माणसे गाडीत चढतात. गाडी गेल्यावर उडालेली धूळ खाली बसेपर्यंत काही लेकरे रस्त्यातच उभी असतात. त्या लेकरांत एके काळी मी होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील अंगठा उठवतात, आईला स्वतःचे नाव तेवढे लिहिता येते. आज वार्षिकांकासाठी लेख लिहावयास बसले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. प्राथमिक शाळेतील मुलांची सुरक्षितता हा सध्या सर्वांच्या तोंडी असलेला विषय आहे. परंतु त्याबद्दल जे बोलले जाते, त्यात आमच्यासारख्यांची मुले कोठे दिसत नाहीत, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात बदलापूरची घटना घडली. शाळेतच दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदविण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले आणि २० ऑगस्टला संतापलेले लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यानंतर शासनाची फर्माने निघाली. शाळांत कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची पूर्वपीठिका तपासा, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समित्या जाग्या करा. या समित्यांचा निर्णय तर २०२२ सालचाच होता. तो अंमलात यावयास एवढी मोठी किंमत मोजावी लागली.

हे सारे आवश्यकच आहे. शाळेची इमारतही भक्कम हवी, याविषयी दुमत कसे असेल? २०१७ साली आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात निंबोडीला पावसात शाळेची खोली कोसळली आणि तीन मुले गेली. २०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या एका गावात शाळेतील जेवणातून विषबाधा होऊन तेवीस मुले दगावली. छप्पर, भिंत, स्वयंपाकाचे तेल, पाण्याची टाकी, यांतल्या एकाकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

परंतु बदलापूरच्या प्रकरणातील एका गोष्टीकडे माझे मन पुन्हा पुन्हा जाते. त्या मुलींनी घरी सांगितले. सांगितले, कारण घरी ऐकणारे कोणी होते. मूल नेहमीसारखे खेळत नाही, शाळेत जायला नको म्हणते, हे पाहणारे डोळे घरात होते. आता माझा प्रश्न असा आहे : ज्या मुलाचे आईबाप नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर-सांगलीकडे किंवा पार कर्नाटकात उसाच्या फडात आहेत, त्याने कोणाला सांगावे?

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. गावाचे किंवा शाळेचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. माझ्याहून वर्षाने लहान एक मुलगी आमच्या बरोबर होती. तिचे आईबाप तोडीला गेलेले, ती आजीपाशी राही. आजी दिवसभर दुसऱ्याच्या रानात मजुरीला. शाळा सुटली की आम्ही उड्या मारीत निघत असू, पण ही शाळेच्या पायरीवर बसून राही. एके दिवशी ती मला म्हणाली, "मला घरी जायचं नाही. मी हितंच बसू का?" शेजारचा एक माणूस आजी नसताना घरात येतो, एवढेच ती बोलली. मला पुरते कळले नाही; पण भीती कळली. मी माझ्या आजीला सांगितले. आजी म्हणाली, "लोकाच्या भानगडीत पडू नगं. तुझी माय हितं न्हाई." गुरुजींनी कुलूप लावताना तिला विचारले, "घरी का जात नाहीस ग?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. त्यांची एस. टी. चुकत होती. ती उठली आणि गेली.

पुढच्या हंगामात आईबापांनी तिला बरोबरच नेले. हजेरीपटावर तिचे नाव राहिले, ती राहिली नाही. गेल्या वर्षी बाजारात भेटली, कडेवर मूल होते. आम्ही दोघी हसलो. त्या पायरीची आठवण दोघींनीही काढली नाही.

मी आजीला दोष देत नाही. गुरुजींनाही देत नाही. पण त्या मुलीसाठी शाळा हीच गावातील सर्वांत सुरक्षित जागा होती आणि आपण ती साडेचार-पाच वाजता कुलूप लावून बंद करीत होतो, ही गोष्ट मला विसरता येत नाही. कॅमेरा शाळेचे फाटक पाहतो. फाटकाबाहेर पडल्यावर सुरू होणाऱ्या सायंकाळकडे कोण पाहणार?

येथे काही जण म्हणतील, की मुलांना मागे ठेवून जातातच कशाला? जन्म दिला तर सांभाळणे हे आईबापांचे काम. असे म्हणणाऱ्यांनी एकदा कोपीत राहून पाहावे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आई मागे राहिली तर कोयता मोडतो, उचल फिटत नाही. मुलाला बरोबर न्यावे तर तेथे दार नसलेली कोपी, पहाटेच्या अंधारात सुटणारी गाडी, फडात निजलेल्या लेकरावरून ट्रॅक्टरचे चाक गेल्याच्या बातम्या. मोठ्या मुलीने धाकट्याला राखावयाचे, म्हणजे तिची शाळा संपलीच. मागे ठेवावे तर ही अशी धास्ती. आमच्या आईबापांपुढे चांगली आणि वाईट अशी निवड नसतेच. दोन भीतींतून एक निवडावी लागते.

दुसरे काही जण म्हणतील, की शिक्षकाने शिकवावे, घरे कशाला सांभाळावीत? या म्हणण्यात तथ्य आहे. दोनशिक्षकी शाळेतील गुरुजी चार वर्ग सांभाळतात, खिचडीचा हिशेब लिहितात, माहितीचे तक्ते भरतात. त्यांच्या खांद्यावर आणखी एक ओझे टाका, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मूल सुरक्षित ठेवणे आणि त्याच्या कुटुंबाला आधार देणे ही दोन कामे नाहीत, एकच आहे. हे काम एकट्या गुरुजींचे नव्हे, गावाचे आहे.

आणि हा विचार आपल्याकडे नवीनही नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीला बालाश्रम काढून उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. मुलाला पाटीपेन्सिल देणाऱ्याने त्याच्या पोटाकडे आणि निवाऱ्याकडेही पाहावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

कायद्याचेही तसे उणे नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी करतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे तोच कायदा सांगतो. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तर असे म्हणतो, की गुन्ह्याची नुसती शंका आली तरी ती कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. म्हणजे "लोकाच्या भानगडीत पडू नगं" हे वाक्य आज कायद्यालाही मान्य नाही. १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह आहे. त्या वसतिगृहाची भाकरी मी स्वतः खाल्ली आहे. सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवण आणि रात्री आजीपाशी झोप, अशी माझी दोन वर्षे गेली. ती भाकरी नसती, तर हा लेख लिहावयास मी येथे नसते.

मग उणे कशाचे? वेळेचे आणि माणसाचे. ट्रक दिवाळीच्या सुमारास जातात. वसतिगृहाची मंजुरी कधी कधी त्यानंतर कितीतरी दिवसांनी येते. तेवढे दिवस मूल कोणाच्या भरवशावर? आणि ज्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावयाचे, तिचे अर्धेअधिक पालक सहा महिने गावातच नसतात. सभेच्या वहीवर सह्या मात्र असतात.

माझ्या अल्पमतीला काही साध्या गोष्टी सुचतात. दसऱ्यापूर्वी शाळेत पालकांची एक सभा व्हावी आणि जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद घ्यावी : मूल कोणापाशी राहणार, तो माणूस दिवसा घरी असतो काय, आईबापांचा आणि मुकादमाचा फोन क्रमांक कोणता. वसतिगृह ट्रक जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू व्हावे. आठवड्यातून एकदा शाळेतील फोनवरून मुलाचे आईशी बोलणे व्हावे आणि ते बोलताना मुलाला थोडे एकटे सोडावे. सखी सावित्री समितीतील बाई कोण, हे भिंतीवरील फलकाला माहीत असून उपयोग नाही. पहिलीतल्या मुलीला त्या बाईंचे तोंड ओळखू आले पाहिजे. आणि मूल काही बोलले, तर त्याचे नाव गावभर न करता ते योग्य ठिकाणी पोहोचविणारा एक तरी भरवशाचा माणूस हवा.

विद्यार्थी मित्रहो, हे झाले शाळेचे आणि गावाचे. आता आपले. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, प्रभातफेरी काढतो. हे वाईट नाही. पण आपल्यापैकी पुष्कळ जण अशाच गावांतून एस. टी. ने येतात आणि संध्याकाळी तेथेच परततात. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी आपण आपापल्या गावच्या शाळेच्या ओसरीवर बसलो, मुलांचा अभ्यास घेतला, गोष्टी सांगितल्या आणि दिवेलागणीला त्यांना घराच्या दारापर्यंत सोडले, तर त्याला कोणत्याही अनुदानाची गरज नाही. मात्र जाताना दोघे-तिघे मिळून जावे, शाळेला सांगून जावे आणि आपली नावे शाळेच्या वहीत लिहावीत. जी तपासणी आपण इतरांची व्हावी म्हणतो, ती आपलीही व्हावी. प्राध्यापकवर्गाने या कामाला सेवा योजनेच्या तासांत जागा द्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

मी येत्या हंगामापासून तलवाड्यात हे सुरू करणार आहे. दोन मैत्रिणी तयार झाल्या आहेत. फार मोठे काही होईल असे नाही. पण शाळा सुटल्यावर एखादे लेकरू पायरीवर बसून राहिलेले दिसले, तर "घरी का जात नाहीस?" असे मी त्याला विचारणार नाही. त्याच्याजवळ बसून विचारीन, "घरी कोण आहे ग?" आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबेन.