उंचवटा दिसला की कापायचा?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात माझं काम कंपनं वाचण्याचं होतं. मोठमोठे पंखे, पंप, गिअरबॉक्स तिथे अहोरात्र फिरत असतात. बेअरिंगवर चुंबकाने सेन्सर चिकटवायचा आणि पडद्यावर उमटलेला आलेख बघायचा. मोटार मिनिटाला १४८० फेरे घेत असेल तर २५ हर्ट्झच्या जरा अलीकडे एक काडी दिसते. ती आधीपेक्षा वाढली, तर पंख्याचा तोल गेला असं धरून चालायचं. तिच्या दुप्पट जागी दुसरी काडी वर आली, तर कपलिंग सरळ रेषेत नसेल. फोरमन विचारायचा, ‘कब तक चलेगा?’ आणि ती काडी बघून उत्तर द्यावं लागायचं.

निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. भजनी मंडळं येतात, देवीची जसगीतं म्हणणारे येतात, गणपतीच्या आधी आरत्यांची गर्दी होते. संगणकावर मिक्सिंगला बसलो, तर तिथेही तोच आलेख. आडव्या रेषेवर वारंवारता, उभ्या रेषेवर जोर. गणितही तेच: फुरियेने १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात मांडलेलं. कुली आणि टुकी यांनी १९६५ साली ते झटपट करायची रीत छापली, म्हणून आज ते फुकटच्या प्लगिनमध्येही चालतं.

फरक वाचण्यात आहे. यंत्रात काडी उंच झाली की काहीतरी बिघडलंय. गाण्यात उंच काडी म्हणजे बहुतेक वेळा सूरच असतो. हल्लीची मिक्सिंग करणारी पोरं मात्र गाण्याचा आलेख माझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्याच्या नजरेने बघतात. उंचवटा दिसला की काप!

परवा भिलाईतल्याच सुपेल्याचा एक मुलगा भजनाचं मिक्स घेऊन आला. “काका, इथे पावणेतीनशेला डोंगर येतोय. कितीही कापला तरी उरतोच.” म्हटलं, तंबोरा आणि पेटी म्यूट कर. डोंगर गेला. भजन काळी एकमध्ये होतं. तिथला षड्ज १३८.६ हर्ट्झचा, त्याची दुप्पट २७७, तिप्पट ४१६. आरंभापासून शेवटपर्यंत तंबोरा हेच धरून बसतो, ते त्याचं कामच आहे. पाश्चात्त्य चालीच्या गाण्यात कॉर्ड बदलत राहतात, त्यामुळे तीन-चार मिनिटांची सरासरी काढली की आलेख बराच गुळगुळीत उतरतो. आपल्याकडे षड्ज जागचा हलत नाही, मग सरासरी गुळगुळीत होणार कशी? एकाच जागी ठाण मांडून बसलेला आवाज शोधून दाबणारी अवजारं आता सर्रास मिळतात. त्यांच्या लेखी तंबोरा म्हणजे खोलीचा दोष. जवारी लावून वरचे स्वरांश खुलवायला कारागीर मरमर मरतो आणि इथे एका क्लिकवर ते सपाट होतात.

दुसरी खोड नमुन्याची. गाजलेल्या एखाद्या गाण्याचा आलेख घ्यायचा आणि आपलं गाणं त्या रेषेवर बसवायचं. सॉफ्टवेअर हे आपणहून करतं. कारखान्यात आम्ही असं केलं असतं तर साहेबाने उभं केलं नसतं. पंखा क्रमांक तीनचा आलेख त्याच पंख्याच्या निरोगी दिवसांतल्या आलेखाशी ताडायचा, शेजारच्या पंपाशी नाही, एवढी अक्कल पहिल्याच आठवड्यात दिली जायची. मग झांज, पखवाज आणि पेटीचं भजन मुंबईच्या सिनेमागीताशी कशाला ताडायचं? झांज आलेखाच्या वरच्या टोकाला जागा अडवणारच. ती कापली की वारकऱ्यांची दिंडी लांबच्या गल्लीतून गेल्यासारखी वाटते.

सरासरी कशी फसवते, याला पंडवानीचं, म्हणजे गाऊन सांगायच्या महाभारतकथेचं, उदाहरण तर घरचंच. तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, आमच्याच कारखान्यात नोकरीला होत्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांची शैली कापालिक, म्हणजे उभं राहून, अभिनयासकट. हातातला तंबोरा घटकेत भीमाची गदा होतो, घटकेत अर्जुनाचं धनुष्य. आवाज खर्जातून एकदम हाळीवर जातो, मागे साथीला बसलेला रागी हुंकारा भरतो, तबला आणि मंजिरे उसळतात. अशा कथेच्या पूर्ण तासाची सरासरी काढून हाती काय लागणार? त्या सरासरीसारखा आवाज कार्यक्रमात क्षणभरही निघालेला नसतो.

तरी पडदा फेकून द्या, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. “आमचे कान तयार आहेत,” असं छातीठोकपणे सांगणाऱ्या जुन्या मंडळींना मी एकच विचारतो: तुमची खोली केवढी? इथली बहुतेक घरगुती स्टुडिओ मंडळी दहा बाय बाराच्या खोलीत बसतात. दहा फुटी अंतराच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो, बारा फुटी अंतरात ४७ चा. गंमत अशी, की खोलीच्या बरोबर मध्ये बसलं तर हाच घुमारा जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीला टेकलं तर अंगावर येतो. मध्ये बसलेला माणूस म्हणणार तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, कमी पडतोय, आणि वाढवत सुटणार. मग तेच गाणं मांडवातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं की पत्रे थरथरतात. तयार कान इथे काही करू शकत नाही, कारण कानापर्यंत पोचतंय तेच खोटं आहे. प्लगिनमधला आलेख मात्र फाइलमधला आवाज मोजतो, खोलीतला नाही. शंभर हर्ट्झच्या खाली मी त्याच्यावर कानापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. विजेची घरघरही तो लगेच पकडतो: ५०, १००, १५० अशा काड्या ओळीने उभ्या दिसल्या की वायरिंग तपासायचं, इक्वलायझर नाही.

खाली बघतानाही त्याची मर्यादा माहीत हवी. आवाजाच्या ४०९६ नमुन्यांचा (सॅम्पलचा) नेहमीचा हिशेब धरला, तर आलेखाची एक पायरी सुमारे ११ हर्ट्झची होते. काळी एकचा खर्जातला षड्ज ६९ चा आणि त्याच्या शेजारचा कोमल रिषभ ७३ चा, म्हणजे दोघे एकाच पायरीवर. पायरी लहान करायला १६,३८४ नमुने घ्या, तर यंत्राला सेकंदाचा तिसरा हिस्साभर थांबून ऐकावं लागतं, तेवढ्यात द्रुत लयीतला तबलजी तीन-चार बोल वाजवून मोकळा. डग्ग्यावरची मींड बघायची तर सूर पुसट दिसतो, सूर स्पष्ट बघायचा तर मींड पुसली जाते. महागडं प्लगिन घेतलं म्हणून ही अडचण सुटत नाही.

तबल्याचंच निघालं म्हणून सांगतो. साध्या कातड्याच्या ढोलाचे वरचे कंप मूळ स्वराच्या पटीत नसतात, तबल्यात शाईमुळे ते पटीत येतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. पहिलं टिपण १९२० साली ‘नेचर’मध्ये. त्याआधी १९१० मध्ये सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत ते काही काळ नागपूरला होते, हे इथल्या मराठी माणसाला सांगितलं की तो उगाच सुखावतो. रामन यांच्याकडे आजचा पडदा नव्हता. तबल्याला नाद आहे हे कानांना आधी ठाऊक होतं, मोजणी मागून आली.

मिक्सिंगलाही मी हाच क्रम ठेवतो. पहिला पूर्ण मिक्स आलेखाची खिडकी बंद ठेवून करायचा. मग ती उघडून घरघर, तळाचा गाळ आणि बायाँ तपासायचा. वरच्या पट्टीत एखादी काडी उंच दिसली, तर ती कोणत्या वाद्याची हे म्यूट करून शोधायचं आणि कानाला टोचत असेल तरच हात लावायचा. भजनी मंडळांनाही माझं सांगणं आहे. पैसे चुकवायच्या आधी मास्टर केलेली आणि न केलेली, दोन्ही फाइली मागून घ्या. दोन्हींचा आवाज सारखा ठेवून ऐका, कारण मोठ्याने वाजलेलं नेहमीच चांगलं वाटतं. झांज कुठे गेली, असं एकाने जरी विचारलं, तरी काम परत पाठवा.