गुळाचे आहे, म्हणून काय झाले?



आपल्या सणाच्या पुरवणीतील बिनसाखरेच्या पक्वान्नांच्या सात पाककृती वाचल्या. चारांत गूळ, दोहोंत खजूर, एकीत मध. साखर नाही हे खरे. पण तेवढ्यावर त्यांना 'पथ्याची' म्हणणे पटत नाही.

१०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० उष्मांक मिळतात, तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरच. त्यात थोडे लोह आणि खनिजे असतात, हे मान्य. पण लोहासाठी गूळ खाणे म्हणजे मीठ मिळावे म्हणून लोणचे ओरपणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनी मधालाही साखरेच्याच पंक्तीत बसवले आहे. स्वयंपाकात वरून घातलेली कोणतीही साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, असे त्या सांगतात. आता पाव किलो डाळीला पाव किलो गूळ घेतला, तर बारा पोळ्या होतात. एका पोळीत वीस ग्रॅम गूळ गेला. दुसरी पोळी घेतली की हिशेब संपला!

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. संक्रांतीला जातील तिथे "गुळाचीच आहे, घ्या हो," म्हणत त्यांच्या पानात दुसरी गूळपोळी पडते. तीच साखरेची असती, तर वाढणारीचा हात आखडला असता. गुळाच्या नावाने जी ढील मिळते, ती मला गुळापेक्षा घातक वाटते.

कृत्रिम गोडीही सरसकट उत्तर नव्हे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असे याच संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. शिवाय ॲस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते. उकळत्या खिरीत ते घालून उपयोग नाही.

खरा उपाय मापात आहे. चक्क्याइतकीच साखर घेण्याऐवजी मी निम्मी घेते. केशर-वेलदोडा सढळ असला की श्रीखंडाला कोणी नाव ठेवत नाही. डाळीला पाऊणपट गूळ आणि चिमूटभर मीठ घातले, जायफळ किसले की पुरण फिके लागत नाही. दूध नीट आटवले, तर त्याचीच गोडी खिरीला उतरते. गाजरे गोड असली, तर हलव्यात साखर नावापुरती पुरते. हे सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. बुंदीचा लाडू आणि चिक्की पाकावरच उभी असतात. तिथे पाक कमी केला तर लाडू वळत नाही नि चिक्की धरत नाही. असे पदार्थ लहान करावेत आणि एकावर थांबावे.

गुळाशी माझे वैर नाही. गूळपोळीचा खमंगपणा साखरेला येणार नाही. पण गूळ चवीसाठी घालावा, औषध म्हणून नव्हे.

म्हणून एकच विनंती. यापुढे गोडाच्या प्रत्येक पाककृतीखाली एका वाढणीत किती ग्रॅम साखर, गूळ, मध किंवा खजूर जातो, ते छापावे. सासूबाईंच्या पानात दुसरी पोळी वाढायची की नाही, हे मग त्या आकड्यावरून ठरवता येईल.

– एक गृहिणी, सातारा