पसंतीक्रमातली पहिली ओळ

सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की घरोघरी पसंतीक्रमाचा फॉर्म भरायला बसतात. मुलगी म्हणते, सिव्हिल. लगेच काका, आत्या, क्लासचे सर असे सगळे सुरू होतात: "सिव्हिल तुझ्यासाठी नाही. उन्हातान्हात साइटवर कुठे फिरणार? कॉम्प्युटर घे." मला बोलायचंय ते या वडीलधाऱ्यांशी. तुमची काळजी खोटी नाही, पण तिच्यापायी मुलीला अडवू नका.

शकुंतला भगत यांचं नाव आपल्याकडे घराघरांत माहीत असायला हवं होतं. 1953 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्या सिव्हिल इंजिनिअर झाल्या. देशातल्या सुरुवातीच्या महिला सिव्हिल इंजिनिअरपैकी त्या एक. वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतले नावाजलेले अभियंते. लेकीनेही तीच वाट धरली. पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत त्यांनी क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. पोलादी पुलाचे ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे, ही त्यांची पद्धत. तेच भाग कमी-जास्त करून पुलाची लांबी, रुंदी आणि भार पेलण्याची ताकद बदलता येते. दर वेळी नवा पूल मुळापासून आखत बसावं लागत नाही. 1972 मध्ये हिमाचलातल्या स्पितीत असे पूल उभे राहिले. पुढे काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत ही पद्धत पोचली.

नदीपलीकडच्या माणसाला विचारा पुलाची किंमत. पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षं तुटत आला आहे. बाई बाळंतपणात अडली की दवाखाना पलीकडे, शाळेचे मास्तर पलीकडे, रेशनचं धान्यही पलीकडेच.

दुसरं नाव अलीकडचं आहे. काश्मीरला उरलेल्या देशाशी रेल्वेने जोडणारा चिनाब पूल जून 2025 मध्ये खुला झाला. नदीपात्रापासून 359 मीटर उंच. डोंगराचा खडक भेगाळलेला असल्यामुळे आधी कागदावर आखलेलं जागेवर जसंच्या तसं चालेना. खोदताना जे दिसेल त्याप्रमाणे उतार आणि पाया यांचा आराखडा बदलत जावं लागलं. या कामात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक जी. माधवी लता सतरा वर्षं सल्लागार होत्या. कौतुकाचा पूर आला तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की, मी हजारोंतली एक आहे, श्रेय सगळ्यांचं आहे. आपल्या मुलींनी तुमच्यासारखं व्हावं, असं अनेक वडिलांनी त्यांना कळवलं. त्या वडिलांना माझं एवढंच सांगणं, की आता फॉर्म भरतानाही तसेच वागा.

बाई इंजिनिअर आहे म्हणून काम आपोआप चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. खडक आणि सिमेंट बाईला आणि पुरुषाला सारखेच. पण गावातलं बरंचसं बांधकाम ज्यांच्या रोजच्या कष्टाशी जोडलेलं असतं, त्या बायका चावडीवर बोलत नाहीत. नळकोंडाळं कुठे हवं, संडासाचा दरवाजा कुठल्या बाजूला हवा, रस्त्यावरचा दिवा कुठल्या वळणावर हवा, हे त्या इंजिनिअरबाईंशी मोकळेपणाने बोलतात. एवढ्या माहितीने अख्खा नकाशा सुधारतो.

म्हणून गावकऱ्यांनाही सांगणं आहे. तुमच्याकडे कनिष्ठ अभियंता म्हणून बाई आल्या, तर "साहेब कधी येणार?" असं विचारू नका. त्याच साहेब आहेत. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालंय म्हणून त्यांनी काम थांबवलं, तर ठेकेदाराच्या बाजूने बोलायला धावू नका. जास्त पाण्याने काँक्रीट कमजोर होतं आणि स्लॅब गळायला लागतो, मग ती दुरुस्ती तुमच्याच घरपट्टीतून होते. आणि ग्रामपंचायतीच्या संडासाला कुलूप असेल, तर त्याची किल्ली आधी त्यांच्या हाती द्या. साइटवर दिवस काढणाऱ्या बाईची सगळ्यात मोठी अडचण बहुधा तीच असते.

पैशाची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क 2024 पासून राज्य सरकार भरतं. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतूनच व्हायला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपये देते, पदविकेलाही. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलला रांग लागते.

आणि पसंतीक्रम तिलाच लावू द्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरली जाते, मागाहून बदलता येत नाही. तिथे तिला सिव्हिल लिहायचं असेल, मेकॅनिकल लिहायचं असेल, तर लिहू द्या.