चाळीस गुणांचा पोरगा

काय दोस्तांनो, टीम चालवायला आवडेल? चला, आज तुम्हाला थेट मॅनेजरच्या खुर्चीतच बसवतो! फक्त खेळ क्रिकेट नाही, बेसबॉल. पण घाबरू नका. बॉलरला इथे पिचर म्हणतात, तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो आणि समोरचा गोल बॅटने तो टोलवतो. आजच्यापुरतं एवढं पुरे.

ही टीम मैदानावर नाही, कॉम्प्युटरवर आहे. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ नावाचा खेळ मार्कुस हाइन्सोन या जर्मन माणसाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस तयार केला. यात आपण स्वतः बॅट फिरवायची नसते. खेळाडू निवडायचे, तयार करायचे, अदलाबदल करायची. सामना कॉम्प्युटर खेळतो. ऑनलाइन लीगमध्ये तर प्रत्येक टीममागे एक जिवंत माणूस असतो. सगळे आपापले निर्णय ठरलेल्या वेळेआधी पाठवतात. मग लीगचा कमिशनर बटण दाबतो आणि कित्येक दिवसांचे सामने चुटकीसरशी उरकतात.

या कल्पनेचं मूळ मात्र कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. हॅल रिचमन नावाच्या अमेरिकन मुलाला वयाच्या अकराव्या वर्षी फाशांवर बेसबॉल खेळायचं वेड लागलं. फासे टाकता टाकता त्याने प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड बनवायची युक्ती काढली. त्यातूनच १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ बाजारात आला.

आता मुद्द्याचं. खेळाडू चांगला की वाईट, हे कॉम्प्युटरला कसं कळतं? त्यासाठी रेटिंग, म्हणजे गुण. बॅट चेंडूला किती वेळा लागते, फटक्यात ताकद किती, वाईट चेंडू सोडून द्यायची नजर किती, असे वेगवेगळे विषय. पिचरचे विषय निराळे. गुण द्यायची एक पद्धत थेट बेसबॉलच्या खऱ्या दुनियेतून आली आहे. तिथे गुण शंभरपैकी नसतात, २० ते ८० असतात! ५० म्हणजे वरच्या लीगमधला सरासरी खेळाडू. तीनातले दोन जण साधारण ४० ते ६० मध्येच सापडतात. ८० वाला लाखात एक.

गंमत पुढेच आहे. प्रत्येक पोराला दोन आकडे असतात. एक आजचा, दुसरा उद्याचा. आज हा किती खेळतो आणि मोठा झाल्यावर किती खेळू शकेल! अठरा वर्षांच्या मुलाचा आजचा आकडा ३० आणि उद्याचा ७० असू शकतो. आणि हा उद्याचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. तो तुमच्या स्काउटचा, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाचा अंदाज असतो. स्काउट चुकतो. शिवाय आकडा स्वतःही हलतो. चांगला कोच, मेहनती स्वभाव, योग्य पातळीवर खेळायची संधी यांनी वर जातो. दुखापतीने खाली येतो. कधी कधी तर काहीही कारण दिसत नाही, तरी बदलतो.

आता माझी फजिती ऐका. माझ्या टीममध्ये एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. उद्याचा आकडा फक्त ४०. मी म्हटलं, हा काय दिवे लावणार! त्याला वर्षभर बाकावर बसवून ठेवलं. मग एका तेहतीस वर्षांच्या पिचरच्या बदल्यात देऊन टाकलं. पिचरचे गुण होते ६५. सौदा करून मी खुशीत झोपलो.

पुढच्याच मोसमात पिचरचे गुण उतरायला लागले. तेहतिशी ओलांडली की असं व्हायचंच. आणि पोरगा? नव्या मालकाने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, पण रोज खेळवलं. दोन वर्षांनी तो माझ्याच टीमविरुद्ध उतरला. गुण ६०! त्या दिवशी त्याने आम्हाला दोनदा मैदानाबाहेर भिरकावलं.

मी त्या मालकाला विचारलं, “तुला कसं कळलं हो हा चमकणार म्हणून?” तो म्हणाला, “मला कुठे कळलं होतं? माझ्याकडे त्या जागेवर दुसरा कोणी नव्हता, म्हणून खेळवला.”

बघा म्हणजे! आकडा त्यालाही ४०च दिसत होता. मी आकडा बघून दार लावलं, त्याने दार उघडं ठेवलं. नुसतं दार उघडं ठेवल्याने प्रत्येक ४० वाला ६० होत नाही, बहुतेक जण होतच नाहीत. पण बाकावर बसलेला कसा होणार?

तुम्ही म्हणाल, हे कॉम्प्युटरचं झालं. मग खरं उदाहरण घ्या. १९८८ साली लॉस एंजेलिस डॉजर्सने माइक पियाझाला ६२व्या फेरीत घेतलं. तोपर्यंत १३८९ मुलं निवडून झाली होती! तीही निवड कशाला, तर टीमचे मॅनेजर टॉमी लासोर्डा त्याच्या वडिलांचे दोस्त म्हणून. पियाझाने नवी जागा शिकून घेतली, यष्टिरक्षकासारखी, तिला कॅचर म्हणतात. १९९३ साली तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. कारकिर्दीत ४२७ होमरन मारले आणि २०१६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाने जाऊन बसला.

आणि उलटंही होतं. १९९१ साली सगळ्यांत आधी निवडला गेलेला मुलगा होता पिचर ब्रायन टेलर. न्यूयॉर्क यँकीजने त्याच्यासाठी पंधरा लाख डॉलरहून जास्त मोजले. १९९३च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा गेला. वरच्या लीगमध्ये तो एकही सामना खेळू शकला नाही.

म्हणजे आकडे खोटे का? छे! अंदाज नसता तर टीम निवडायची कशी? आधी निवडलेल्यांतले जास्त जण पुढे जातात, हेही खरंच. पण अंदाज म्हणजे निकाल नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं.

या आठवड्याचा उद्योग : दोन फासे घ्या. पहिल्या खेळाडूला बेरीज ५ किंवा ६ आली की हिट. दुसऱ्याला ६ किंवा ७ आली की हिट. ३६ शक्यतांपैकी पहिल्याच्या वाट्याला ९, दुसऱ्याच्या वाट्याला ११. म्हणजे दुसरा नक्की सरस. आता प्रत्येकासाठी वीस वेळा फासे टाका आणि हिट मोजा. हाच प्रकार पाचसहा वेळा करा. कच्चा गडी पक्क्याच्या पुढे गेलेला दिसला तर फासे बिघडलेत असं समजू नका! वीस चेंडूंत ५ हिट आणि ६ हिट यांत फरक तो केवढा? एकाच फटक्याचा. मग दोनशे वेळा टाकून बघा. आता पक्का गडी मागे पडायचं प्रमाण कमी होईल.

आणि एक सांगू? गल्लीतल्या मॅचला टीम पाडताना एक पोरगा नेहमी शेवटी उरतो. “याला कोण घेणार?” म्हणून दोन्ही कॅप्टन आकाशाकडे बघतात. या रविवारी त्याला एकदा तिसऱ्या नंबरवर पाठवून बघा. शून्यावर आउट झाला तर पुढच्या रविवारी पुन्हा पाठवा. एका डावावरून काही कळत नाही, हे आता तुम्हाला फाशांनीच शिकवलंय.

आणि तो शेवटी उरणारा पोरगा तुम्हीच असाल, तर बॅट घट्ट धरा. भेटू पुढच्या आठवड्यात!