छायाचित्र दस्तऐवजातच हवे

संगणकावरील दस्तऐवजातून छायाचित्र नाहीसे झाले की दोष संगणकाला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा ते छायाचित्र दस्तऐवजात कधी आलेलेच नसते.

बेंगळुरूसारख्या शहरातील गृहकर्जाचे प्रकरण विचारात घ्यावे. व्हाइटफील्डमधील एखाद्या सदनिकेची छायाचित्रे मूल्यांकक वर्डमधील अहवालात घालतो आणि अहवाल ई-मेलने शाखेत पाठवतो. शाखेत चौकटी दिसतात, त्यांत लाल फुली असते. मूल्यांककाच्या संगणकावर मात्र सारे ठीक दिसते. त्यामुळे त्याला तक्रार पटत नाही. चित्र घालताना ‘लिंक टू फाइल’ हा पर्याय निवडला गेला, तर दस्तऐवजात केवळ चित्राचा पत्ता नोंदला जातो. तो पत्ता मूल्यांककाच्या संगणकातला. शाखेला तो सापडावा कसा? इकडे कर्जमंजुरी अडते आणि ग्राहकाने विक्रेत्याला दिलेली मुदत सरत जाते.

यावरील उपाय मूळ संगणकावरच आहे. ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’मध्ये ‘सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट’वर खूण करून फाइल जतन करावी व पुन्हा पाठवावी. शाखेला खात्री करायची असल्यास डॉक्स फाइलची प्रत काढून तिच्या नावातील शेवटचे ‘डॉक्स’ बदलून ‘झिप’ करावे. ही फाइल म्हणजे खरे तर एक गाठोडेच! त्यातील ‘मीडिया’ फोल्डरमध्ये छायाचित्र नसेल, तर शाखेतील सारी खटपट व्यर्थ. असेल, तर दोष बहुधा मांडणीचा: ओळींतील अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवल्यास चित्राची बारीक पट्टीच दिसते, तर ‘ड्राफ्ट’ दृश्यात काही चित्रे दिसतच नाहीत.

मात्र असे शोधकार्य हे शाखेचे काम नव्हे. अंतिम अहवाल वर्डच्या रूपात स्वीकारण्याची प्रथाच बंद व्हावी. नोंदणी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३२-अ दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे प्रत्यक्ष लावण्यास सांगते. छायाचित्र अमुक कपाटात आहे, एवढ्या टिपेवर दुय्यम निबंधकाचे समाधान होत नाही. मग तारण मालमत्तेच्या अहवालाबाबत बँकेचे तरी का व्हावे? दीर्घकाळ जतन करावयाच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए हे आंतरराष्ट्रीय मानक २००५ पासून उपलब्ध आहे. त्यात चित्रे व अक्षरवळणे फाइलमध्येच सामावलेली असावी लागतात. गृहकर्ज वीस वर्षे चालते. मूल्यांककाचा आजचा संगणक तोवर भंगारात गेलेला असतो, आणि वाद उद्भवल्यास कोणती सदनिका तारण होती हे त्याच छायाचित्रावरून दाखवावे लागते.