स्वभावाचा तराजू

भाजीवाल्याचा तराजू आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. स्वभाव मोजणाऱ्या तराजूकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. ‘होय-नाही’ची उत्तरे मोजायची आणि पोराच्या कपाळी ‘भित्रा’ किंवा ‘एकलकोंडा’ अशी चिठ्ठी डकवायची, एवढेच! म्हणून अशा एका तराजूच्या तपासणीची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते. ती आहे अरबी भाषेतली.

लंडनच्या हान्स आणि सिबिल आयझेंक या दांपत्याने १९७५ साली नव्वद प्रश्नांची एक व्यक्तिमत्त्व-प्रश्नावली प्रसिद्ध केली. इजिप्तचे मानसशास्त्रज्ञ अहमद अब्देल-खालिक यांनी ती अरबीत आणली. इजिप्त आणि इंग्लंड यांची तुलना करणारा त्यांचा व सिबिलबाईंचा अभ्यास १९८३ साली छापून आला.

प्रश्नांचे भाषांतर म्हणजे सोपे काम, असे कोणी समजू नये. ‘जीव भांड्यात पडला’ हे कोणी शब्दशः अरबीत नेले, तर कैरोचा विद्यार्थी भांडे शोधत बसेल. शिवाय तिकडे छापील अरबी वेगळी आणि घरात बोलायची वेगळी. त्यातच ‘तुला वाटते का?’ हे क्रियापद मुलाला विचारताना एक आणि मुलीला विचारताना दुसरे!

एवढे सावरल्यावर खरी परीक्षा. पुष्कळदा ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरच होते. कारण उघड आहे: शे-दोनशे मुले एका ठिकाणी सापडतात, त्यांना वाचता येते, आणि पंधरा दिवसांनी ती पुन्हा त्याच बाकांवर भेटतात. त्यांना तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा द्यायची आणि दोन्ही वेळचे गुण जुळतात का, ते पाहायचे. फार लवकर दिली तर पोरे आठवणीने लिहितात. फार उशिरा दिली तर पोरेच बदललेली असतात.

दुसरी कसोटी ली क्रॉनबाक यांच्या १९५१ सालच्या निबंधाने रूढ झाली. एकाच गुणाविषयीचे प्रश्न एकमेकांशी कितपत सूर धरतात, याचा आकडा ती देते. साधारणतः ०.७० च्या पुढे गेला, की संशोधक सुस्कारा टाकतात. पण एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला तरी हा आकडा फुगतो, हे विसरू नये. आयझेंकांच्या चार मापांपैकी मनाचा कठोरपणा मोजणारे माप तर खुद्द इंग्रजीतच इतके लंगडे ठरले, की १९८५ साली ते दुरुस्त करावे लागले.

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. दर वेळी पावशेर कमी दाखवणारा तराजूही ‘विश्वसनीय’च असतो, तो नेमाने तेच खोटे सांगतो! उत्तर स्थिर आहे, एवढेच विश्वसनीयता सांगते; ते खरे आहे की नाही, हे निराळ्या पुराव्याने ठरवावे लागते. शिवाय विद्यार्थ्यांवर पारखलेले माप नाईलकाठच्या शेतकऱ्याला लावायचे, तर ते त्याच्यावर पुन्हा पारखायला हवे.

तेव्हा, आईबाबांनो, उद्या तुमच्या मुलाच्या स्वभावाचा असा छापील निकाल कोणी हाती ठेवला, तर आधी तीन प्रश्न विचारा: हे माप कोणत्या भाषेत बनले? कोणावर पारखले? दुसऱ्यांदा लावले तेव्हा काय निघाले? उत्तर मिळेपर्यंत ती चिठ्ठी मुलाच्या कपाळी लावू देऊ नका.